आधी हात कोणी वर केला

घरी कुणी नवीन माणूस आला आणि मी काय काम करायचे असं त्याने विचारलं, की माझ्याआधी माझा नवरा उत्तर देतो. म्हणतो, ही म्हाताऱ्यांना व्हिडिओ गेम खेळवायची. पाहुणा हसतो आणि मी चहा ठेवायला उठते. चौतीस वर्षं फिजिओथेरपी केली मी. आखडलेले गुडघे, मोडलेली खुब्याची हाडं, अर्धांगवायूने लुळे पडलेले हात, सगळं केलं. लोकांच्या लक्षात राहतो तो शेवटच्या सहा वर्षांतला गेम. माझ्याही लक्षात तोच राहिलाय, पण कारण वेगळं आहे.

मालाडला एका ज्येष्ठांच्या केंद्रात मी होते. पहिला मजला, खाली भाजीबाजार, खिडकी उघडली की कोथिंबिरीच्या भावासकट सगळं आत. आमच्याकडे येणारी माणसं वेडी नव्हती, ठार विसरलेलीही नव्हती. डॉक्टर ज्याला एमसीआय म्हणतात ती ही अवस्था: वयाच्या मानाने जास्त विसरायला होतं, पण अजून संसार चालवता येतो. म्हणजे दूध उतू जातं, पण गॅस बंद करायचं कळतं. नातवाचं नाव आठवत नाही, पण नातू आठवतो. यातली काही माणसं वर्षानुवर्षं तशीच राहतात, काही खाली घसरतात. कोण कुठे जाणार हे आधी सांगता येत नाही, आणि घरच्यांना तर तेच हवं असतं.

गेम म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही त्यांना मोबाईल देऊन बसवायचो. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्यावर कॅमेरा, आणि समोर जमिनीवर मी चिकटपट्टीने काढलेली फुली. माणूस फुलीवर उभा राहायचा आणि सुरुवात करायला एक हात वर करायचा. मग पडद्यावर काड्यांचा एक माणूस यायचा. तुम्ही हलाल तसा तो हलणार. आधी बाजाराची यादी दिसायची, कांदे, पपई, लिंबू. यादी गेली की वरून भाज्या-फळं पडायला लागायची. पावलं टाकत जायचं, यादीतलं तेवढंच झेलायचं, बाकीचं सोडायचं. डोकं आणि पाय एकाच वेळी कामाला लावायचे, एवढंच त्यातलं इंगित. घसरण लागलेल्या माणसाला नेमकं हेच जमेनासं होतं. चालताना त्याला काही विचारा, उत्तर द्यायला तो थांबतो.

यंत्र गुण द्यायचं. गुणांचा आलेख व्हायचा, महिन्याच्या शेवटी छापून निघायचा आणि घरच्यांना मिळायचा. तो कागद घरचे दहावीच्या निकालासारखा हातात घेत. माझं पंधरा मिनिटांचं बोलणं कुणी धड ऐकत नसे, पण रेघ वर गेली की खाली, ते सगळे बघायचे.

यंत्र गुण कशाचे देतं ते मला खरं तर पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. दिंडोशीहून एक आजी यायच्या, नाडकर्णी आजी. नऊवारीतून पावलं टाकण्यात पहिला नंबर. पुढच्या पातळीवर पडद्यावर तळं होतं आणि त्यात कमळं. कमळांवर पाय देत तळं ओलांडायचं. आजी जागच्या हलेनात. यंत्राने शून्य दिला. दुसऱ्या दिवशीही शून्य. सून घाबरली, सासूबाई अचानक अशा कशा झाल्या म्हणून मला फोन. मी आजींना बाजूला बसवून विचारलं, तर म्हणाल्या, लक्ष्मीच्या आसनावर पाय कोण ठेवेल, तुम्ही ठेवाल का? मी त्यांना दगडांचा गेम लावून दिला. पळत गेल्या. ही गोष्ट मी सगळ्यांना हसत सांगत फिरले. त्यातून शिकले मात्र काही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी परेरा पती-पत्नी आले.

बेनेडिक्ट परेरा, आम्ही बेनी अंकल म्हणायचो, मालाडच्याच एका गावठाणातले. उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर कायम कॅप. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, तीस वर्षं तेच लिहिलं. बोलायला धीमे. एक वाक्य सुरू केलं की मधल्या शब्दाशी थांबायचे, शब्द सापडला की पुढे जायचे. डॉक्टरांनी एमसीआय लिहून पाठवलं होतं. बायको रोजा आंटी. बुटक्या, गोलसर, फुलाफुलांचा फ्रॉक, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या मला म्हणाल्या, की याचं काही खरं नाय हां मॅडम, माझ्याशिवाय याला मोजेसुद्धा सापडत नाय. आम्ही सगळे हसलो. अंकलही हसले.

पहिल्या दिवशी मी अंकलना एक वही ठेवायला सांगितली. विसरणाऱ्या सगळ्यांनाच सांगायची मी. दिवसभरात जे घडलं ते लिहायचं. ते मान डोलावून म्हणाले, की तारीख आणि वेळ टाकूनच लिहीन, नाहीतर ते लिहिलेलं धरत नाय. मंगळवार-शुक्रवार ते वही घेऊन यायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. मी म्हणायचे, छान, लिहीत राहा. उघडली एकदाही नाही. एका वेळी हॉलमध्ये चार-पाच म्हातारी माणसं, त्यातल्या एकानेही पडायचं नाही, हे माझं मुख्य काम. तेही कारण खरंच आहे, पण आता लिहिताना ते पुरेसं वाटत नाही.

अंकलचा तोल जरा कच्चा, म्हणून आंटींना मी त्यांच्या शेजारी उभं राहू द्यायचे. हात वर करायला अंकलना वेळ लागायचा. मग आंटी करून दाखवायच्या. असा कर रे बेनी हात, असा. आणि आपला हात सरळ वर. गेम सुरू व्हायचा. आंटी त्यांना धीर यावा म्हणून सोबत पावलं टाकायच्या, पडणारी पपई झेलायच्या. मला कौतुक वाटायचं. इतर बायकांना मी सांगायचे, बघा, नवऱ्याला कशी साथ देते.

तिसऱ्या का चौथ्या वेळी अंकल खेळता खेळता थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, हा माणूस माझं ऐकत नाय."

मी विचारलं, कोण माणूस? त्यांनी पडद्यावरच्या काड्यांच्या माणसाकडे बोट केलं. मी म्हटलं, अंकल, तो तुम्हीच आहात. ते म्हणाले, मी नाय. मी त्यांची पाठ थोपटली आणि संध्याकाळी त्यांच्या फाईलमध्ये लिहिलं: पडद्यावरची प्रतिमा स्वतःची म्हणून ओळखत नाहीत. आमच्या धंद्यात असं लिहिणं म्हणजे फार चांगलं निरीक्षण केलं असं समजतात.

मग एकदा आंटी बाथरूमला गेल्या असताना ते म्हणाले, की रोजा हल्ली विसरते. मला एकच गोळी दोनदा देते. आता, विस्मरणाच्या माणसाने दुसऱ्यावर ढकलणं आम्ही रोज ऐकतो. चष्मा बायकोने लपवला, पैसे सुनेने घेतले. आजाराचंच लक्षण ते. मी आंटींना विचारलं, तर त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, बघा, गोळी खातो आणि खाल्ली नाय म्हणतो, नाय खाल्ली तर दोनदा खाल्ली म्हणतो. मी लिहिलं: पत्नीवर अकारण संशय घेतात. पुढच्याच आठवड्यात अंकल फुलीवर उभे असताना त्यांना चक्कर आली. बीपी मोजलं, अगदी खाली. ते म्हणाले, दोनदा. आंटी म्हणाल्या, देवाची शपथ, एकदाच. मी कुणावर विश्वास ठेवला हे सांगायला नकोच.

आलेख महिन्यामागून महिना खाली चालला होता. मुलगी सँड्रा मुलुंडला राहायची, नोकरी, दोन शाळकरी पोरं, रविवारी जमलं तर यायची. वाईट मुलगी नव्हती. आलेख हातात धरून ती माझ्यासमोर रडली. मम्मी एकटी किती ओढणार, म्हणाली. वसईच्या बाजूला सिस्टरांचा एक आश्रम होता, तिथे पुरुषांच्या बाजूला एक खाट रिकामी होणार होती. पप्पांना तिकडे ठेवायचं, मम्मीला मुलुंडला न्यायचं. नाताळ घरी करायचा, जानेवारीत हलवायचं. आश्रमाला माझं पत्र हवं होतं. मी दिलं. सूचना पाळता येत नाहीत, स्वतःची प्रतिमा ओळखत नाहीत, पत्नीवर संशय घेतात, घरी ठेवणं सुरक्षित नाही. खाली सही, शिक्का. बेचाळीस वर्षांचा संसार माझ्या चार ओळींनी वेगळा होणार होता, आणि त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण त्या मुलीला मदत केली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंटींना ताप आला. शेजारचा रिक्षावाला अंकलना दारापर्यंत सोडून गेला. ते एकटेच फुलीवर उभे राहिले. मी त्यांच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधून तो मागून धरला. हात वर करायला त्यांनी वेळ घेतला, पण केला. यादी आली, गेली. आणि अंकल खेळले. धीमे खेळले, पण यादीतलं एकही सोडलं नाही आणि यादीबाहेरचं एकही घेतलं नाही. पडद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, आज ऐकतो. गुण दुपटीहून जास्त. मला वाटलं, लागला असेल तुक्का. पुन्हा खेळवलं. तेच. वरची पातळी लावली. तीही पार केली.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी जुन्या खेळांची चित्रं पडद्यावर लावली. यंत्र प्रत्येक खेळ साठवून ठेवतं, काड्यांचा तो माणूस कसा हलला ते सगळं. इतक्या दिवसांत कधी बघितलं नव्हतं. माझी नजर नेहमी खेळणाऱ्याच्या पायांवर, पडतो की काय म्हणून. पडदा बघायला वेळ कुणाला होता? आता बघितला. काड्यांचा माणूस बुटका होता. मागच्या आठवड्यातला बुटका, त्याच्या आधीचा बुटका, अकरा आठवडे मागे गेले तरी बुटकाच. आजचा एकटा उंच.

कॅमेऱ्याला नाव कळत नाही. जो आधी हात वर करतो त्याला तो धरतो आणि खेळ संपेपर्यंत सोडत नाही. हे मला माहीत होतं. नवीन मुलींना शिकवताना मी हेच पहिल्यांदा सांगायचे. तरी माझ्या नाकासमोर मंगळवार-शुक्रवार आंटी आधी हात वर करत होत्या, कारण नवऱ्याला शिकवायचं होतं.

मग मी ती चित्रं पुन्हा बघितली, आता त्या आंटी आहेत हे धरून. सुरुवातीला त्या झपाझप झेलायच्या. पुढे पुढे यादीतलं तिसरं नाव आलं की काड्यांचे हात खाली लोंबायचे. शेवटच्या तीन-चार खेळांत तर ती बुटकी आकृती मध्यावर नुसती उभी आहे, वरून कांदे-लिंबं पडताहेत, आणि ती हलत नाही. त्या वेळी खऱ्या आंटी काय करत होत्या ते मला आठवलं. त्या माझ्याशी गप्पा मारत होत्या. तोंडाचा पट्टा चालू होता, म्हणून मला वाटायचं की बाई ठणठणीत आहे.

मी अंकलच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, वही द्या. त्यांनी दिली. अक्षर सुबक, ओळीत, प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ. रोजाने साडेआठला गोळी दिली. रोजाने नऊ वाजून दहा मिनिटांनी गोळी दिली. रोजा चर्चहून येताना दुसऱ्या गल्लीत गेली, मी बघत होतो. रोजाने भाताला पाणी घातलं नाही. मधूनमधून माझ्याविषयीही होतं: मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या. मग त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली आणि टेबलावर ओतली. बीपीच्या गोळ्या. चक्कर आली त्या दिवसानंतर दुसरी गोळी ते जिभेखाली धरायचे आणि मागच्या दारी जाऊन काढून ठेवायचे. गोळ्यांवरचा रंग विरघळून गेला होता.

मी म्हटलं, अंकल, तुम्ही आंटींना सांगायचंत ना, की एकदा दिली म्हणून.

त्यांनी गोळ्या एकेक करून डबीत परत भरल्या. मग म्हणाले, "सांगितलं की रडते. आणि मग का रडली ते विसरते, पण रडतच राहते."

त्यांना जानेवारीतल्या खाटेचंही माहीत होतं. सँड्राने सांगितलं नव्हतं, पण फोनवर बोलताना ऐकलं होतं. त्यांना आश्रमाची भीती नव्हती. आपण गेल्यावर रोजाकडे कोण बघणार, ही काळजी होती. सगळे तिला नवऱ्याला सांभाळणारी समजत होते. तिच्यावर लक्ष ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच आम्ही हलवणार होतो.

संध्याकाळी मी सँड्राला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "मॅडम, पत्र तुम्हीच दिलंत ना? तेव्हा तुम्हाला खात्री होती." मी म्हटलं, होती.

आंटींना डॉक्टरांकडे नेलं. बेनीला सोबत म्हणून चला, असं सांगून न्यावं लागलं. तपासण्या झाल्या. आंटी अंकलच्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या. त्यानंतर चारेक दिवसांनी सँड्राने विचारलं, की त्याच पत्रात मम्मीचं नाव घालून द्याल का, बायकांच्या बाजूला खाट मिळेल असं सिस्टर म्हणतात. राग नाही आला मला तिचा. दमलेल्या माणसाला उत्तर हवं असतं, कुणाच्या का नावाचं असेना. मी नाही म्हटलं. पहिलं पत्र रद्द केल्याचं आश्रमाला लिहून दिलं, आणि खाली लिहिलं की दिवसभरासाठी बाई ठेवली तर दोघं घरी राहू शकतील. किती दिवस राहू शकतील ते लिहिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. सँड्राने बाई शोधली. खाट दुसऱ्या कुणाला गेली.

आता घरी असं चालतं. अंकल पहाटे उठून गोळ्यांचा डबा भरतात, त्या दिवसाच्या खणात एकच गोळी. डबा कपाटात आंटींच्या जागेवर ठेवतात. मग आंटी तो काढतात आणि अंकलना गोळी देतात, रागावून, की मी नसते तर तुझं काय झालं असतं. खण रिकामा असला की दुसऱ्यांदा द्यायला काही उरत नाही. ही युक्ती मी शिकवली नाही. डॉक्टरांनीही नाही.

केंद्रात मी आंटींची वेगळी फाईल उघडली. आंटींना आम्ही सांगितलं नाही की हा खेळ त्यांचा आहे. अंकलनीच तसं ठरवलं. तिला वाटू दे माझ्यासाठी येते, म्हणाले, नाहीतर ती यायची नाय. मी मानलं. बरोबर केलं का ते आजही ठरवता येत नाही. आंटी हात वर करून दाखवायच्या, कॅमेरा त्यांना धरायचा, आणि अंकल मागे उभे राहून त्यांच्या कमरेचा पट्टा धरायचे. आलेख सावकाश खाली जात राहिला. यंत्राने थोपवला नाही, मीही नाही. घरच्यांना असं सांगायचा मला आता कंटाळा आलाय, पण खरं तेच आहे. गेमने पाय बरे राहतात, पडणं टळतं, दिवसातला एक तास बरा जातो. कधी कधी त्याहून जास्त होतं. आंटींच्या बाबतीत झालं नाही.

मागच्या वर्षी मी काम सोडलं. शेवटच्या आठवड्यात जुन्या फाईली आवरताना अंकलची फाईल उघडली. आमच्या संगणकात एकदा लिहिलेली नोंद पुसता येत नाही. खाली भर तेवढी घालता येते. स्वतःची प्रतिमा ओळखत नाहीत. पत्नीवर अकारण संशय घेतात. दोन्ही ओळी जशाच्या तशा, खाली माझं नाव. अंकल बाहेर बाकावर बसले होते, आंटी त्यांच्या कॅपवरची धूळ झटकत होत्या. मी अंकलना आत बोलावलं, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि त्यांच्यासमोर टाइप केलं: वरील दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत. रुग्ण सुरुवातीपासून खरं सांगत होते. चूक माझी.

मी त्यांची माफी मागितली. असं कुणाची माफी मागायची सवय नव्हती, शब्द अडखळले. त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. चष्मा वर करून ते प्रत्येक ओळ सावकाश वाचत होते.

"तारीख टाक, बाय."

मी म्हटलं, अंकल, तारीख आपोआप पडते.

"ती आजची पडेल," ते म्हणाले. "मी सांगितलं त्या दिवसाची टाक."

त्यांनी बगलेतली वही काढली. आता ती तिसरी वही होती, पण पहिलीही त्यांनी तिच्याच आत रबराने बांधून ठेवली होती. बोट ओलं करून पानं मागे नेली, एका ओळीवर थांबले, आणि तारीख वाचली. मी ती टाकली. मग त्यांनी वेळही सांगितली. मंगळवार, सकाळी दहा चाळीस.